अंदाज आणि चमचा

(आकाशवाणीवरील महिलांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा संपादित भाग)



स्वयंपाकघरात नव्यानं शिरलेल्या मुलीनं "मीठ किती घालू?" असं विचारलं, की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, "घाल अंदाजानं." विचारणारीला वाटतं, आपल्याला टाळलं. पण जी बाई वीस उन्हाळे कुरडया करते, तिच्या अंदाजात वीस वर्षांचं मोजमाप साठलेलं असतं. पुन्हा पुन्हा करून, चाखून, बिघडलेलं सुधारून हाताला बसलेलं माप म्हणजे अंदाज. अडचण एवढीच, की तो सांगून दुसरीच्या हाती देता येत नाही. आणि काही ठिकाणी तर तो पुरतच नाही.

घरातल्याच वस्तूंतून करायच्या चार गोष्टी आज पाहू या. चारही आपल्या परभणीच्या उन्हाळ्यातल्या आहेत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारू या. इथं हाताचा अंदाज पुरे, की चमचा हवा?

पहिली गोष्ट कुरडई. चैत्र लागला, पारा चाळिशीच्या वर गेला, की जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंत गच्चीवर, माळवदावर, अंगणातल्या बाजेवर वाळवणं दिसू लागतात. किलोभर गहू निवडून तीन दिवस भिजत घालायचा. रोज सकाळी पाणी बदलायचं. ते बदललं नाही, तर गहू नको तितका आंबतो आणि कुरडईला वास येतो. चौथ्या दिवशी गहू वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. चीक म्हणजे गव्हातला पिष्टमय भाग. तो जड असतो, म्हणून तळाशी बसतो. वरचं पाणी सकाळी ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी घेऊन उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग घालायचा आणि चीक ओतत सारखं ढवळत राहायचं.

आता चीक शिजला हे कसं ओळखायचं? पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसू लागतो. पिष्टाचे बारीक कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकांत मिसळतात, म्हणून हा बदल होतो. ओलं बोट लावलं आणि चीक चिकटला नाही, की सोऱ्या हातात घ्यायचा. इथं घड्याळापेक्षा डोळा आणि बोट जास्त खरं सांगतात. प्रत्येक गव्हाचा चीक सारखा नसतो. आच आणि पातेलंही सारखं नसतं. म्हणून इथं अंदाजच हवा.

मिठाच्या बाबतीत मात्र जीभ फसवते. ओला चीक चाखून मीठ अगदी बरोबर वाटलं, तर वाळलेली कुरडई खारट होणार हे नक्की. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ मागेच राहतं. सांडग्यांना, पापडांना, खारोड्यांना हाच नियम लागू. ओल्या पिठाची चव थोडी अळणीच ठेवायची. यंदा किती चिकाला किती चमचे मीठ घातलं आणि कुरडई कशी झाली, हे वहीत लिहून ठेवलं, तर पुढच्या वर्षी सुनेला किंवा लेकीला विचारावं लागणार नाही.

कडक ऊन दोन दिवस दाखवायचं. कुरडई मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. पण ती कितीही वाळली तरी तिच्या पोटात किंचित ओलावा उरतोच, आणि तोच तिला फुलवतो. कडकडीत तेलात पडताच त्या ओलाव्याची वाफ होते आणि ती पिष्टाला आतून ढकलते. तेल कोमट असेल तर वाफ सावकाश निसटून जाते आणि कुरडई तेल पीत बसते.

दुसरी गोष्ट भाजी ताजी ठेवण्याची. बाजारातून आणलेली मेथी, कोथिंबीर वैशाखात दुपारपर्यंत माना टाकते. फ्रीज असला तरी वीज असेलच असं नाही. अशा वेळी दोन मातीची भांडी कामाला येतात. एक मोठी कुंडी घ्यायची, आणि तिच्यात बसून चोहोबाजूंनी दोन-तीन बोटं जागा उरेल असं एक मडकं. दोन्ही साधी हवीत, रंग किंवा चकाकी दिलेली नकोत. कुंडीच्या तळाशी वाळूचा थर द्यायचा, वर मडकं ठेवायचं आणि मधल्या फटीत वाळू भरायची. वाळू पाण्यानं भिजवायची, भाजी मडक्यात ठेवायची आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. हे सारं सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असतेच, तेव्हा भाजी किंवा तांदूळ धुतलेलं पाणी इथं चालेल. साबणाचं किंवा खारं पाणी मात्र नको. मिठानं मातीची छिद्रं बुजतात.

यामागची युक्ती माठाचीच आहे. पाण्याला वाफ होऊन उडून जायला फार उष्णता लागते, आणि ती ते जवळच्या वस्तूतून ओढून घेतं. एक पेला पाणी असं उडून जाताना जितकी उष्णता घेतं, तितकी काढून घेतली तर पन्नास पेले पाणी दहा अंशांहून अधिक थंड होईल. सगळी उष्णता भाजीतूनच जात नाही, बरीचशी बाहेरच्या हवेतूनही येते. तरी फरक हाताला कळतो. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून ही युक्ती इथं चांगली चालते. मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की तिचा जोर ओसरतो. हिच्यात पालेभाज्या, काकडी, टोमॅटो, लिंबं ठेवावीत. कांदा, लसूण, बटाटे ठेवू नयेत, ओलाव्यानं ते सडतात. दूध आणि शिजलेलं अन्नही नको, कारण तेवढी थंडी यात मिळत नाही. इथं पाणी किती शिंपडायचं हे वाळूला हात लावून ठरवावं.

तिसरी गोष्ट ज्वारीचं आंबील. लातूर-धाराशिवकडे येळवशीला शेतात आंबिलाचा मान असतो. आपल्याकडे ते उन्हाळ्यातलं पोटाला थंडावा देणारं पेय. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण धार धरून ओतायचं आणि गुठळी न होऊ देता सात-आठ मिनिटं शिजवायचं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक मिसळायचं. गरम असताना घातलं तर ताक फाटतं.

रात्रभर ठेवण्यानं फक्त आंबटपणा येतो असं नाही. धान्यांत फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवतं आणि शरीराला सहज मिळू देत नाही. पीठ आंबताना हे आम्ल कमी होतं आणि धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण दिलं. ज्वारी कोणतीही असो, भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्यावी आणि जेवणावर लगेच चहा टाळावा. लिंबू लोहाला मदत करतं, चहा आडवा येतो. आंबिलात पीठ थोडं कमी-जास्त झालं तर काही बिघडत नाही. पातळ झालं तर पिऊ, घट्ट झालं तर चमच्यानं खाऊ.

आता चौथी गोष्ट, आणि इथं अंदाज बाजूला ठेवायचा. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात लहान मुलांना जुलाब होतात. जीव धोक्यात येतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. त्यावरचा घरगुती उपाय साखर-मिठाचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बस्स, इतकंच.

हे पाणी काम कसं करतं? जुलाब चालू असतानाही आतड्यात एक वाट उघडी असते. त्या वाटेनं साखर आणि मीठ जोडीनं आत जातात आणि मागोमाग पाणी ओढून नेतात. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही. साखर फार झाली तर उलट जुलाब वाढतात. मीठ फार झालं तर बाळाच्या रक्तातले क्षार वाढून झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून "थोडं जास्तच घालू, लवकर गुण येईल" हा विचार इथं घातक आहे. तयार पाणी चाखून बघावं. ते डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं, तर ओतून द्यावं आणि पुन्हा करावं.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिला. तिथलं मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसवरून चारच्याही खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पुढं बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप त्यांनी आयांना शिकवलं. आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने तपासले जात, आणि आयांना किती आलं यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. म्हणजे हाताचं माप इथंही होतं, पण ते तपासून घेतलेलं होतं.

ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच आधी वापरावी. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात ती मिळते. लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी, अर्धी-पाव करू नये. केलेलं पाणी २४ तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानं पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश द्यावं. अंगावरचं दूध बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या किती आणि किती दिवस, ते आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं. दुकानातली गोड पेयं ओआरएस समजून देऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, ती याच कारणानं. आणि मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल काहीच पिईना, तर घरी थांबू नये. पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

शेवटी एक छोटं काम सांगते. आपल्या घरातले चहाचे चमचे एका मापाचे नसतात. औषधाच्या बाटलीवरच्या टोपणात ५ मिलिलिटरची खूण असते. तिथपर्यंत पाणी घ्या आणि घरातल्या एकेका चमच्यात ओतून बघा. ज्या चमच्यात ते काठोकाठ बसेल, तो तुमचा मापाचा चमचा. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधा आणि लिटरच्या एका बाटलीसोबत तो वेगळा ठेवा. घरातल्या प्रत्येकाला, पुरुषमाणसांनासुद्धा, त्याची जागा दाखवून ठेवा. रात्री-अपरात्री मूल आजारी पडेल, तेव्हा अनुभवी बाई घरात असेलच असं नाही. दोरा बांधलेला चमचा मात्र असेल.