क्लचच्या नळींतील हवा

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत बनलेल्या एम्. जी. बी. या स्पोर्ट्स मोटारीचा क्लच बदलावयाचा तर इंजिनच बाहेर काढावें लागतें. इतक्या श्रमानें नवी तबकडी बरोबर मध्यावर बसविली, तरी पेडल मऊ लागावें व गिअर करकरावे, असें पुष्कळदां घडतें. पायाचा जोर नळींतील द्रवामार्फत क्लचला पोहोंचतो. द्रव दबत नाहीं, पण त्यांत राहिलेला हवेचा बुडबुडा दबतो. म्हणून इंजिन पुन्हा उतरविण्यापूर्वीं हवा काढून पाहावी. एकानें पेडल सावकाश दाबावें. दुसऱ्यानें त्याच वेळीं खालच्या सिलिंडरचें निपल सैल करावें आणि पेडल वर येण्यापूर्वीं आवळावें. बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चालवावा. वरची टाकी मात्र रिती होऊं देऊं नये. नाहीं तर हवा पुन्हा आंत शिरते.