विश्लेषण : संगणकाची वीज मोजायला ‘अ‍ॅडमिन’चे अधिकार कशाला?

लॅपटॉपचा प्रोसेसर किती वीज खातो हे दाखवणारे टूल सुरू केले, की ते अनेकदा आधी पासवर्ड मागते. लिनक्सवर ‘रूट’, विंडोजवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. नुसता आकडा वाचायला एवढे अधिकार का?

आकडा असतो कुठे?

इंटेलच्या २०११ मधील सँडी ब्रिज प्रोसेसरपासून ‘रॅपल’ ही सोय आहे. वापरलेल्या ऊर्जेची नोंद चिपमधील खास रजिस्टरमध्ये होते आणि ती साधारण दर मिलिसेकंदाला बदलते. हे रजिस्टर थेट वाचण्याची मुभा फक्त कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला असते. कारण अशाच काही रजिस्टरमधून चिपच्या मर्यादाही बदलता येतात.

मग लिनक्सवर नियम का बदलला?

लिनक्सने हा आकडा एका फाइलद्वारे सर्वांना खुला ठेवला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी इतर संस्थांच्या सहकाऱ्यांसह ‘प्लॅटिपस’ हल्ला जाहीर केला. घराबाहेरच्या वीजमीटरवर नजर ठेवली, तर आत माणसे कधी असतात हे कळते. तसेच इथे झाले. प्रोसेसर कोणता डेटा हाताळतो त्यानुसार विजेचा वापर किंचित बदलतो. त्यावरून संशोधकांनी सुरक्षित कप्प्यातील आरएसए की १०० मिनिटांत मिळवली. एईएस कीसाठी २६ ते २७७ तास लागले. त्यानंतर लिनक्सने ती फाइल फक्त ‘रूट’पुरती ठेवली, तर इंटेलने मायक्रोकोड सुधारला.

फोनला हा धोका आहे?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इस्रायलमधील सहकाऱ्यासह २०१५ मध्ये ‘पॉवरस्पाय’ प्रयोग केला. टॉवर दूर गेला की फोन जास्त वीज ओढतो. हा चढउतार पाहून, लोकेशनची परवानगी न घेता, आधी नोंदवलेल्या मार्गांपैकी फोन कोणत्या मार्गावर आहे हे ओळखता आले.

परवानगी द्यावी का?

अधिकार मागणे हा संशयाचा पुरावा नाही, पण अधिकार देणे ही जोखीम आहेच. विंडोजवरील अनेक टूल्स वापरत असलेल्या ‘विनरिंगझिरो’ या ड्रायव्हरला २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने धोकादायक ठरवले. त्यातील त्रुटीतून दुसरा प्रोग्रामही गाभ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून बॅटरीचा साधा अंदाज हवा असेल, तर सेटिंग्जमधील माहिती पुरेशी आहे. टूल हवेच असेल, तर ते मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावे, अद्ययावत ठेवावे आणि काम झाले की काढून टाकावे.