शिक्का खोक्याचा, दाखला मालाचा

हेमलकशाच्या आसपास बांबूकाम करणाऱ्याला जंगलाची कागदपत्रं नवी नाहीत. टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, हा इथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. २०११ साली मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं, ती गोष्ट साऱ्या गडचिरोलीनं अभिमानानं सांगावी अशी आहे. पण तीच टोपली किंवा तोच बांबूचा दिवा परदेशी पाठवायचा म्हटला, की अनोळखी शब्द कानावर येऊ लागतात. फ्युमिगेशन, फायटो, आयएसपीएम. सांगणारा बहुधा दूरच्या शहरातला एजंट असतो, आणि यातलं खरंच काय लागतं हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. मग नको त्या कागदाचे पैसे जातात आणि हवा तो कागद राहून जातो. मेहनत करणाऱ्या माणसाचं असं नुकसान होऊ नये, म्हणून एकेक गैरसमज घेतो.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा: ‘फ्युमिगेशनचा दाखला मिळाला की झालं.’ मुळात इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्युमिगेशनचा दाखला देते मान्यताप्राप्त खाजगी संस्था. कोणता वायू, किती डोस, किती तास, किती तापमानात, एवढंच तो सांगतो. फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, हा सरकारी कागद. एका देशाचं सरकार दुसऱ्या देशाच्या सरकारला लिहून देतं, की हा माल तुमच्या अटींप्रमाणे तपासला आहे आणि घातक किडीपासून मुक्त आहे. आपल्याकडे हे काम फरिदाबादला मुख्यालय असलेल्या वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयाच्या अखत्यारीत येतं, आणि सरकारनं अधिसूचित केलेला अधिकारीच त्यावर सही करतो. तिसरी गोष्ट कागदच नाही. तो लाकडी पॅलेटवर किंवा खोक्यावर मारलेला शिक्का. टोपलीचा फायटो असला म्हणून ती ज्या खोक्यात बसली आहे ते खोकं सुटत नाही, आणि खोक्यावर शिक्का आहे म्हणून आतली टोपली सुटत नाही.

हा शिक्का जवळून पाहण्यासारखा आहे. चौकटीत डाव्या बाजूला गव्हाची ओंबी आणि आयपीपीसी ही अक्षरं. उजवीकडे देशाचं दोन अक्षरी चिन्ह, आपलं ‘आयएन’, पुढे लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या किंवा खोकं बनवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आणि प्रक्रियेचं चिन्ह. एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड. आलापल्ली-बल्लारपूरच्या डेपोत ओंडक्यावर हातोड्यानं ठोकलेली वनखात्याची खूण पाहिलेल्याला वाटतं, शिक्का आहेच की. पण ती खूण लाकूड कुणाचं आणि कुठलं हे सांगते. त्यात किडा जिवंत आहे की मेला, याच्याशी तिचा संबंध नाही. ओंबीचा शिक्का हातानं काढलेला चालत नाही. लाल किंवा नारिंगी रंगही टाळायचा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या लेबलांसाठी राखलेले आहेत.

हा नियम कुणाच्या लहरीनं आलेला नाही. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडं पोखरणारा आशियाई लांबशिंग्या भुंगा सापडला. तो चीनहून आलेल्या मालाच्या कच्च्या लाकडी पॅकिंगमधून उतरला असं मानलं जातं. शहरातली हजारो झाडं तोडावी लागली. मग २००२ साली आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. जंगलाच्या कुशीत राहणाऱ्यांना हा नियम जाच वाटू नये असं मला मनापासून वाटतं. परक्या जंगलाला आपला किडा लागू नये आणि आपल्या जंगलाला त्यांचा, एवढंच त्यामागे आहे.

‘बांबू म्हणजे लाकूडच, त्यामुळे टोपलीलाही तोच शिक्का हवा.’ इथं गोंधळ स्वाभाविक आहे, कारण आपल्याच कायद्यानं कितीतरी वर्षं बांबूला झाड म्हटलं होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येतून तो बाहेर निघाला २०१७ मध्ये. आंतरराष्ट्रीय वनस्पती-आरोग्याच्या परिभाषेत मात्र ‘लाकूड’ या शब्दात बांबू आणि वेत धरलेलेच नाहीत. म्हणजे टोपलीवर ओंबीचा शिक्का मागणारा चुकतो. पण त्यावरून बांबूला काहीच लागत नाही असं समजणाराही तेवढाच चुकतो. बांबूच्या वस्तूसाठी फायटो लागेल का, आधी फ्युमिगेशन लागेल का, हे घेणारा देश ठरवतो. ते माल निघण्याआधी खरेदीदाराकडून लेखी मागवावं. घरच्यांना भेटायला परदेशी निघालेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सामानातली एक टोपली असली तरी ती विमानतळावर जाहीर करावी लागते.

आणि मानवेल असो की कटांग, बांबूला किडा लागतो हे इथं कुणाला सांगायला नको. सुपाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, सूप उचलून आपटलं की खाली पिवळसर पिठाची बारीक रेघ पडते. तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगा आतलं पिष्ट खात असतो. बांबूत पिष्ट जितकं जास्त तितकी कीड जास्त, म्हणून जाणते लोक पावसाळा सरल्यावर तोड करतात, बांबू पाण्यात भिजत ठेवतात, टाकणखाराच्या द्रावणात बुडवतात. ही निगा आधी. फ्युमिगेशन तिची जागा घेऊ शकत नाही, कारण वायूचा असर मागे उरत नाही. त्या दिवशी आत असलेला किडा मरतो, पण आठवड्यानं शेजारच्या किडक्या मोळीतून नवा येऊन बसला तर दाखला काही त्याला अडवत नाही. म्हणून प्रक्रिया झालेला माल कच्च्या मालाशेजारी ठेवू नये.

‘धुरी म्हणजे धूर.’ फ्युमिगेशनला आपण धुरी म्हणतो, त्या शब्दामुळे झालेला हा घोळ. चुलीवर टांगलेला बांबू काळा पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, हा पिढ्यांचा अनुभव खराच आहे. पण निर्यातीच्या कागदावर त्या धुराला जागा नाही. मिथिल ब्रोमाइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला स्वतःचा वासही जवळपास नाही, आणि तो माणसालाही मारतो. म्हणून हे काम मान्यताप्राप्त माणसाचंच. खोक्याच्या लाकडासाठी तापमान २१ अंश किंवा जास्त असेल तर घनमीटरला ४८ ग्रॅम, चोवीस तास. तापमान उतरलं की डोस वाढतो, आणि १० अंशांखाली ही प्रक्रिया करायचीच नाही. भामरागडकडच्या पौष-माघातल्या पहाटा आठवल्या की हा आकडा का महत्त्वाचा ते कळेल. साल काढलेली हवी, आणि २० सेंटिमीटरहून जाड तुळईला हा वायू चालत नाही. वायू नको असेल तर उष्णता: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. लाकूड भट्टीत नुसतं सुकवलं की एचटी झालं, असं नव्हे. सुकवणं वेगळं, गाभा तापवणं वेगळं. मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक असल्यानं युरोपात त्याचा वापर थांबलेला आहे. माझं मत विचाराल तर जिथं शक्य तिथं उष्णताच घ्यावी.

धान्याच्या कोठारात ठेवतात त्या गोळ्यांचं काय? त्यातून फॉस्फीन निघतो. काही मालासाठी तो स्वीकारला जातो, पण लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ मध्ये तो मान्य नाही. गोळ्या ठेवून खोक्याला शिक्का मिळत नाही.

सागाबद्दलचा विश्वास तर आपल्या भागात खोल रुजलेला. ‘आलापल्लीचा साग, त्याला कसला किडा!’ अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला, इतकं त्याचं नाव. तो प्रवास देशातल्या देशात होता, तिथं ओंबीच्या शिक्क्याचा प्रश्नच नव्हता. पण सागाच्या पट्ट्या ठोकून केलेलं खोकं समुद्रापार जाणार असेल, तर नियम लाकडाची जात विचारत नाही. कच्चं लाकूड, जाडी ६ मिलिमीटरहून जास्त, म्हणजे प्रक्रिया आणि शिक्का आलाच. प्लायवूडला सूट आहे, कारण ते डिंक, उष्णता आणि दाब देऊन बनतं. मात्र प्लायवूडच्या खोक्याखाली कच्च्या लाकडाचे दोन पाय ठोकले की त्या पायांना शिक्का हवा. कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून घातलेल्या गुटक्यांनाही हवा, आणि नेमके तेच विसरले जातात.

‘शिक्का एकवीस दिवसांत संपतो.’ नाही. खोक्याचा शिक्का दुरुस्ती होईपर्यंत चालतो. फळी बदलली तर नवी फळी प्रक्रियेची आणि शिक्क्याची हवी. तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बदलला तर जुने शिक्के पुसून सगळ्यालाच नव्यानं प्रक्रिया करून शिक्का घ्यायचा. एकवीस दिवसांची अट येते ती मालाच्या फ्युमिगेशनमधून. ऑस्ट्रेलियासारखा देश काही मालाची प्रक्रिया निर्यातीआधी एवढ्या दिवसांत झालेली मागतो. हेमलकशाहून आलापल्ली, चंद्रपूर, नागपूर आणि पुढे न्हावाशेवा असा पल्ला असताना प्रक्रिया कुठं करून घ्यायची, हे याच दिवसांच्या हिशेबानं ठरवावं. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुरानं किती दिवस बंद पडेल याचा नेम नसतो, तेव्हा गावाजवळ आधीच उरकून घेण्यापेक्षा बंदराच्या बाजूला करणं शहाणपणाचं.

आणि टोपल्या पावसात भिजू नयेत म्हणून आपण निघतानाच त्यांना प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतो. तशाच फ्युमिगेशनला दिल्या तर वायू आत पुरेसा पोचत नाही. तेव्हा प्रक्रियेच्या ठिकाणी प्लॅस्टिक काढायला किंवा त्याला पुरेशी भोकं पाडायला सांगा, वायू निघून गेला हे मोजून घ्या, आणि मगच पुन्हा बांधा.