तेलाचा ताप

दिंद्रुडच्या शाखेत असताना विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे कर्ज मंजूर करण्यापूर्वी मी विहिरीला पाणी किती ते पाहायचो. ते पिकाला लागतेच. पण इंजिनही त्याच पाण्याने थंड राहते, हे मला तिथल्या एका शेतकऱ्याने शिकवले.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्याविषयी २०१६ साली वाचले, तेव्हा तो शेतकरी आठवला. विमानाला विहीर कुठली? (यादवांचे सहा आसनी विमान पुढे २०२० साली धुळ्याहून उडाले.)

घरी बांधलेल्या बऱ्याच विमानांची इंजिने हवेनेच थंड होतात. आतली बरीच उष्णता तेल उचलते आणि कूलरच्या जाळीत सोडते. लायकमिंगच्या अनेक इंजिनांत तेल ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. ११८ ही कमाल मर्यादा. मग मोठ्यात मोठा कूलर घ्यावा? तारण जितके जास्त तितके बरे, ही आमची बँकवाल्यांची खोड. पण तेल फारच थंड राहिले तर त्यातला ओलावा उडत नाही, आतले भाग गंजतात.

खरी परीक्षा उड्डाणानंतर चढताना. इंजिन पूर्ण ताकदीवर, वेग कमी, म्हणून जाळीतून जाणारी हवाही कमी; त्यात आपल्याकडचा मे महिना. कूलर निवडायचा तो या दहा मिनिटांसाठी. शिवाय हवेला बाहेर पडायची वाट मोकळी नसेल, तर महागडा कूलरही व्यर्थ.

तो शेतकरी इंजिनातून येणाऱ्या पाण्यात बोटे धरून पाहायचा. वैमानिकाजवळ फक्त काटा. तो वर सरकू लागला की नाक थोडे खाली करून वेग वाढवायचा. त्यासाठी खाली पुरेशी उंची मात्र हवी.