गावातलं घर किरायाने देताना

काटोलमधून नोकरीसाठी किंवा पोरांच्या शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या अनेक कुटुंबांचं एक घर गावात मागे उरलेलं असतं. दिवाळीला कुलूप काढायचं, झाडझूड करायची, चार दिवस राहायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. मधल्या काळात वाळवी, ओल आणि पिंपळाची रोपं आपापलं काम करत राहतात. त्याच गावात बदलून आलेला शिक्षक, बँकेतला नवा कर्मचारी, कॉलेजात शिकणारी खेड्यावरची पोरं खोल्या शोधत फिरत असतात. तरी मालक म्हणतो, ‘‘पडलं तरी चालेल, पण किरायाने देणार नाही.’’

या नकारामागची भीती खरी आहे, पण ती मुख्यतः एका रद्द झालेल्या कायद्याची आहे.

‘भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही.’

विदर्भात हे वाक्य उगाच रुजलेलं नाही. आपल्याकडे १९४९ सालचा ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’ लागू होता. त्यात भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागायची. भाडे थकलं आहे, पोटभाडेकरू ठेवला आहे किंवा घर आपल्यालाच राहायला हवं आहे, असं काहीतरी त्याच्यापुढे सिद्ध करायचं. परवानगी मिळाली तर नोटीस द्यायची आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. म्हणजे एका घरासाठी दोन लढाया. आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या हाती आल्याच्या कथा या व्यवस्थेतल्या आहेत.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि तो जुना आदेश गेला. नव्या कायद्यातही भाडेकरूला भक्कम संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. पण राहण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर घर दिलं असेल, तर कलम २४ मालकाला वेगळी वाट देतं. करारातली मुदत संपली की राहणाऱ्याने घर रिकामं करून द्यायचं. न दिल्यास मालक नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील, तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम त्याच्यावर चढते. लेखी करारात जे नमूद आहे, त्याचा तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात काही महिने लागू शकतात, पण ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची नाही.

एक बाब मात्र आधी तपासायला हवी. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या आणि पूर्वी भाडे नियंत्रणाखाली असलेल्या क्षेत्रांना लागू होतो, प्रत्येक खेड्याला सरसकट नाही. घर नगर परिषदेच्या हद्दीबाहेरच्या नव्या ले-आऊटमध्ये असेल, तर करार कोणत्या कायद्याखाली बसतो ते वकिलाला विचारून घ्यावं.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं.’

नाही. बारा वर्षांचा हिशेब प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेल्या ताब्याचा आहे. तुमच्या परवानगीने, तुम्हाला पैसे देऊन राहणारा माणूस पंधरा वर्षं राहिला म्हणून मालक होत नाही. भाडेकरू असताना त्याला ‘हे घर यांचं नव्हतंच’ असं म्हणण्याचीही कायदा मुभा देत नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. घर तोंडी दिलेलं असतं, पैसे रोख घेतलेले असतात, पावती नसते. मग तो परवानगीने राहत होता हेच सिद्ध करायला मालकाजवळ काही उरत नाही.

‘ओळखीतला माणूस आहे, कागद कशाला?’

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा आहे, आणि काटोलसारख्या गावात तो सर्वांत जास्त आढळतो. कारण इथे कोणीच पूर्ण अनोळखी नसतो. किरायेदार भाच्याच्या शाळेत शिकवतो, नाहीतर त्याचा सासरा नरखेडचा निघतो. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं दोघांनाही वाटतं.

पण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा परिणाम असा की, वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोडून काढायची जबाबदारी मालकावर येते. ‘हे लायसन्स नव्हतं, मी भाडेकरूच होतो,’ असं तो म्हणाला की मालक पुन्हा लांबच्या वाटेवर. लिव्ह अँड लायसन्स वारसांकडे जात नाही; भाडेकरूचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाऊ शकतो. एवढा फरक एका कागदावर अवलंबून असतो.

‘अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर केला, नोटरी झाली, झालं काम.’

अकरा महिन्यांची पद्धत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून देशभर अकरा महिन्यांचे करार होऊ लागले. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ही पळवाट चालत नाही. पाच महिन्यांचा करार असला तरी नोंदणी हवी, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चाचा बाऊही उगाच आहे. समजा ८,००० रुपये महिना, ३०,००० रुपये परतीचं डिपॉझिट आणि मुदत ३६ महिने. एकूण भाडे २,८८,००० रुपये. डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांप्रमाणे तीन वर्षांचे ९,००० रुपये त्यात धरले जातात. या २,९७,००० रुपयांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेसातशे रुपयांच्या आसपास. नगर परिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचे आणि मदतनिसाचे पैसे वेगळे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि बोटांच्या ठशांच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे पुण्यात बसलेल्या मालकाला त्यासाठी गाव गाठावं लागत नाही.

पोलिसांना किरायेदाराची माहिती देणं हे याहून वेगळं काम आहे. काटोल नागपूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं. ठाण्यात माहिती दिली म्हणून करार नोंदला जात नाही.

‘मोठा भाऊ मी, सही माझी पुरे.’

गावातलं घर बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असतं, आणि वडील गेल्यावरही नगर परिषदेच्या नोंदीत तेच नाव चालू राहतं. टॅक्स पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, आणि नाव नसलं म्हणून बहिणीचा हिस्सा जात नाही. करारात सगळ्या सहमालकांनी सही करावी, नाहीतर एकाला रीतसर मुखत्यारपत्र द्यावं. भाड्याचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार हेही त्याच वेळी ठरवावं. नाहीतर पुढचा वाद किरायेदाराशी होत नाही, भावंडांत होतो. जागा नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची असेल तर पट्ट्याच्या अटी आधी वाचाव्यात.

‘पैसे दिले नाहीत तर लाईट कापू.’

हे करू नये. वीज-पाण्यासारखी आवश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ मनाई करतं आणि तो गुन्हा ठरतो. कुलूप बदलून सामान बाहेर काढलं, तर बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मग घर तुमच्या मालकीचं का असेना. किरायेदाराकडे कुटुंब असतं, शाळेत जाणारी पोरं असतात. उन्हाळ्यात नागपूर जिल्ह्यात पंखा बंद करणं हा वसुलीचा मार्ग होऊच शकत नाही.

‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा.’

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली ही मर्यादा आहे. तो राज्यांसाठीचा नमुना आहे; महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. दरवर्षी दहा टक्के वाढ हीदेखील कायद्याची देणगी नाही. लायसन्समध्ये जी वाढ लिहिली असेल तीच मिळते.

‘रोख घेतलं की कर नाही.’

घरभाडे कसंही घेतलं तरी ते उत्पन्नच. पण नियम समजून घेतले तर घाबरण्यासारखं काही नाही. वर्षाचे ९६,००० रुपये आले, नगर परिषदेचा ४,००० रुपये घरटॅक्स तुम्ही स्वतः भरला, उरले ९२,०००. त्यातून ३० टक्के, म्हणजे २७,६०० रुपये, देखभालीसाठी थेट वजा होतात. रंगाचं वा छपराचं एकही बिल दाखवावं लागत नाही, आणि नव्या करप्रणालीतही ही वजावट मिळते. करपात्र रक्कम ६४,४०० रुपये. घरकर्ज चालू असेल तर व्याजाचाही विचार होतो.

‘घर दिलं, आता आपली काही जबाबदारी नाही.’

घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचंच काम आहे. गळकं छप्पर, तुंबलेला संडास, उघड्या तारा तुम्हीच दुरुस्त करायच्या. घर कशासाठी दिलं तेही करारात स्पष्ट हवं. राहायला म्हणून दिलेल्या समोरच्या खोलीत संत्र्याच्या मोसमात व्यापार सुरू झाला, तर विजेचा दर बदलतो आणि राहण्याच्या घरासाठीची कलम २४ ची वाटही अडचणीत येते. ताबा देताना मीटरचं रीडिंग, पंखे, नळ, दारं-खिडक्या यांची यादी करून दोघांनी सही केली तर डिपॉझिट परत करताना भांडण होत नाही.

मुदत संपत आली की मात्र बहुतेक मालक सैलावतात. माणूस चांगला आहे, पैसे वेळेवर येतात, चालू राहू दे. मुदतीनंतर नवा करार न करता भाडे घेत राहिलात, तर राहणाऱ्याला नवं भाडेनातं सुरू झाल्याचा दावा करायला तुम्हीच जागा देता. माणूस खरंच चांगला असेल, तर जुनी मुदत संपण्याच्या महिनाभर आधी त्याच्यासोबत नवा करार नोंदवून घ्यावा.