एका कोयत्याचे दोन मजूर

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी शिवारांना बारमाही पाणी दिले आणि 1950 च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेस, पर्जन्यछायेतील पाथर्डी तालुक्यात, जिरायत पीक निघाले की रोजगार संपतो आणि दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. ती लग्नकार्यात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात खर्ची पडते आणि पुढे टनामागे ठरलेल्या मजुरीतून फेडावी लागते. पती-पत्नी मिळून हिशेबात एकच कोयता धरला जातो. त्यामुळे पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीचे वेतन बहुधा तिच्या नावे नोंदलेच जात नाही, आणि हा अन्याय मला अल्प मजुरीहूनही अधिक दुःसह वाटतो. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि 1977 साली कायद्याचे रूप लाभलेल्या रोजगार हमीने गावातच काम मागण्याचा हक्क दिला खरा. पण तेथील मजुरी कामाचे मोजमाप झाल्यावर हाती येते, तर उचल कामाआधीच मिळते, आणि देण्याने गांजलेले कुटुंब म्हणूनच मुकादमाकडे वळते.