अठरा वर्षांनंतरचा ऑटिझम

वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांमुळे मराठवाडाभर ठाऊक आहे. दिवाळी जवळ आली की लांबलांबचे लोक इथे खरेदीला येतात. या पट्ट्यातल्या एखाद्या गावात पस्तीस वर्षांचा धडधाकट माणूस पहिली लड लागताच मागच्या खोलीत जाऊन कान दाबून बसत असेल, तर गाव त्याला भित्रा ठरवून मोकळे होते. लग्नकार्यात तो पंगतीला न बसता शेताकडे निघून जातो, म्हणून शिष्ट. समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही, म्हणून त्याच्या मनात काहीतरी खोट. ताटात आमटी भाजीला लागली की जेवण सोडतो, म्हणून आईने लाडावून ठेवलेला. प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण सापडते. या सगळ्याचे मूळ एकच असू शकते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हे नाव गावात पोचले असेल तर ते लहान मुलांचा आजार म्हणून.

हा आजार नाही आणि तो लहान मुलांपुरताही नाही. मेंदूची जडणघडण जन्माच्या आधीपासूनच वेगळ्या रीतीने होत असते आणि तो वेगळेपणा आयुष्यभर सोबत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातल्या दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. लाखभर वस्तीच्या तालुक्याला हे प्रमाण लावले तर आकडा पावणेआठशेच्या पुढे जातो, आणि त्यांत मोठा वाटा प्रौढांचा असणार. ही माणसे कुठे आहेत? शेतात आहेत, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर आहेत, स्वयंपाकघरात आहेत, एखाद्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही चोख ठेवत आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे निदान कधी झालेलेच नाही.

याचे एक कारण ऑटिझमच्या इतिहासातच आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढची कित्येक दशके डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र राहिले: लहान वयाचा, बहुधा मुलगा, न बोलणारा. ती मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

त्या ११ जणांतला पहिला होता डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला संस्थेत ठेवले होते. आईवडिलांनी वर्षभरात परत आणले. पुढे तो पदवीधर झाला, गावच्याच बँकेत त्याने आयुष्यभर नोकरी केली, गोल्फ शिकला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. ८७ गुणिले २३ विचारले की क्षणात २००१ सांगे, हा किस्सा सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्या गावाचे वागणे. डोनाल्ड असाच आहे, हे गावाने मान्य केले. अमेरिकी पत्रकार जॉन डॉनव्हॅन आणि कॅरेन झकर त्याचा शोध घेत तिथे पोचले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले की त्याला त्रास झालेला आम्ही खपवून घेणार नाही. बँकेत त्याच्या आईच्या माहेरचा वाटा होता, घरात पैसा होता, हेही विसरता येणार नाही. पण नुसत्या पैशाने गाव पाठीशी उभे राहत नाही.

आता तेरखेड्याच्या फटाक्यांकडे येऊ. आपल्या कानांवर सतत आवाज आदळत असतात आणि मेंदू त्यातले बहुतेक बाजूला सारतो. पंखा लागला की पाच मिनिटांनी त्याची घरघर ऐकू येईनाशी होते. मेंदूला तिची सवय होते. अनेक ऑटिस्टिक माणसांत ही सवय होण्याची क्रियाच मंद असते. कॅलिफोर्नियातल्या शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑटिस्टिक मुलामुलींच्या मेंदूचे स्कॅन करून पाहिले. ज्यांना आवाज आणि स्पर्श फार टोचतात, त्यांच्या मेंदूतला धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला हा भाग जोराने पेटत होता आणि तोच आवाज, तोच स्पर्श पुन्हापुन्हा होऊनही लवकर शांत होत नव्हता. म्हणजे दहावा सुतळी बॉम्बही त्यांना पहिल्यासारखाच बसतो. मंगल कार्यालयातला डीजे, ट्यूबलाइटची थरथर, नव्या कापडाच्या शिवणीचे टोचणे, येरमाळ्याच्या यात्रेत चारी बाजूंनी लागणारे धक्के हे सारे एकाच वेळी आत शिरते. हा भित्रेपणा नव्हे आणि नखराही नव्हे. इंद्रियांच्या या वेगळेपणाला निदानाच्या अमेरिकी नियमावलीत जागा मिळायला २०१३ साल उजाडावे लागले, हे मला आजही अविश्वसनीय वाटते. ऑटिस्टिक माणसे स्वतः कितीतरी आधीपासून हेच सांगत होती.

सर्वांत जास्त नुकसान केले आहे ते ‘यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत’ या समजुतीने. तिच्यामागे १९८५ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना दोन बाहुल्यांचा खेळ दाखवला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, दुसरी ती काढून खोक्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी ‘खोक्यात’ असे उत्तर दिले, म्हणजे बाहुलीला काय ठाऊक आहे याचा विचार त्यांना जमला नाही. प्रयोग चांगलाच होता. पण उरलेल्या ४ मुलांना उत्तर आले होते, आणि ‘दुसऱ्याला काय ठाऊक आहे’ हे ओळखणे व ‘दुसऱ्याचे दुःख जाणवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांपर्यंत पोचेपर्यंत गळून पडले.

जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की दुसऱ्याची वेदना पाहताना मेंदू कितपत प्रतिसाद देतो, हे ऑटिझमवर ठरत नाही. स्वतःच्या भावना ओळखता व सांगता येण्यात अडचण असेल तर तो प्रतिसाद कमी होतो. ही अडचण सुमारे निम्म्या ऑटिस्टिक माणसांत असते आणि ऑटिस्टिक नसलेल्या अनेकांतही असते. मयताच्या घरी गेल्यावर जो नुसता उभा राहतो, एक शब्द बोलत नाही आणि मग न सांगता सरपण फोडायला लागतो, त्याला दुःख कळलेले नाही असे कोण म्हणेल?

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी हा प्रश्नच उलटा केला. ते समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत आणि स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचे म्हणणे असे की न कळणे दुहेरी असते. ऑटिस्टिक माणसाला आपण उमगत नाही आणि आपल्याला तो उमगत नाही; दोष मात्र एकट्याच्या पदरात पडतो. एडिंबरातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याला गोष्ट सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत ती जास्त गळाली. पुढे ३११ जणांवर हाच प्रयोग केला, तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. दोन्ही वेळा एक गोष्ट मात्र कायम राहिली: ऑटिस्टिक माणसे आपसात माहिती पोचवण्यात कमी पडली नाहीत. २०१७ मधला नोआ सॅसन यांचा अभ्यास तर आपल्याला आरशासमोर उभे करतो. काही सेकंदांचे चित्रण पाहून लोकांनी ऑटिस्टिक माणसांना नापसंत केले. त्याच माणसांचे शब्द फक्त कागदावर वाचायला दिले, तेव्हा ती नापसंती नाहीशी झाली. अडचण त्यांच्या म्हणण्यात नव्हती, आपल्या नजरेत होती.

या नजरेला तोंड देण्यासाठी अनेक जण मुखवटा चढवायला शिकतात. समोरच्याच्या कपाळाकडे पाहायचे, हसायच्या जागा पाठ करायच्या, काय बोलायचे ते घरून ठरवून निघायचे. यातून येणारा शीण भयंकर असतो आणि चिंता व नैराश्य त्याच्या मागोमाग येतात. मुलींवर याची सक्ती अधिक होते. खाली मान घालून गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते, त्यामुळे तिची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. मग लग्न होते, भरल्या घरात वीस माणसांच्या आवाजात तिला राहावे लागते, आणि दोन वर्षांत ती कोलमडली की बाहेरची बाधा शोधली जाते. ‘लग्न केले की सुधारेल’ हा सल्ला मुलांनाही दिला जातो. त्यात दोन आयुष्ये पणाला लागतात. निदान ठाऊक असेल तर दोघांना समजून-उमजून निर्णय तरी घेता येतो.

आईला दोष देण्याची रीतही अशीच जुनी. आपल्याकडे गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणतात. अमेरिकेत १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी आईच्या थंडपणाला जबाबदार धरले. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा धागा स्पष्ट दिसला. लसीमुळे ऑटिझम होतो हा आरोपही खोटा ठरला आहे: त्यामागचा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

समजुती तपासताना दुसऱ्या टोकाला जाऊ नये. चित्रपटांमुळे प्रत्येक ऑटिस्टिक माणूस गणितात अफाट असेल असे वाटू लागले आहे. ‘रेन मॅन’ या चित्रपटाला प्रेरणा देणारे किम पीक हे तर बहुधा ऑटिस्टिक नव्हतेच. अमेरिकेत आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना बौद्धिक अक्षमताही असते. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आंघोळीपासून आधार लागतो, तेही प्रौढ होतात. अच्युत गोडबोले यांनी ‘मुसाफिर’ या आत्मकथनात आपल्या ऑटिस्टिक मुलाविषयी जे मोकळेपणाने लिहिले, त्याने अनेक मराठी पालकांना धीर दिला. आपल्यामागे याचे कसे, हा अशा पालकांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला कौतुकाच्या गोष्टींनी उत्तर मिळत नाही.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतर पालकत्व ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची सोय केली. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत त्याचाही वाटा आहे. प्रमाणपत्र मात्र ४० प्रश्नांच्या ज्या भारतीय मोजपट्टीवर मिळते, ती मुख्यतः मुलांना समोर ठेवून घडलेली आहे. मुखवटा चढवून तीस वर्षे काढलेली बाई तिच्यातून सहज निसटते. अशा निदानाला रक्ततपासणी नसते, लहानपणीची हकिकत लागते. वाशीसारख्या ठिकाणी आई, चुलती, शेजारीण अजून ती सांगू शकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासतात, तीही अठरा वर्षांपर्यंतच. त्यानंतरच्यांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने वाशीत महिन्यातून एक दिवस तरी तपासणी ठेवावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी आणि दिव्यांग संघटनांनी लावून धरायला हवी. आणि वाचकहो, हे वाचताना घरातले एखादे माणूस आठवले असेल, किंवा स्वतःच आठवला असाल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.